गुरुजींची बिनडोक्याची गिटार

पडदा सावकाश वर जातो आणि दिसते गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतली एक पत्र्याची शेड. उजव्या विंगेला डिंकाचे रिकामे डबे, डाव्या विंगेला उभ्या केलेल्या प्लायवूडच्या शीट, आणि मागच्या पडद्याच्या जागी कुठल्याशा बांधकामाच्या जाहिरातीचा फाटका फ्लेक्स. पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाचे झोत खाली आले आहेत. असा लाइट मिळवायला एरवी लाइटवाल्याला दोनदा चहा पाजावा लागतो. झोतांच्या बरोबर मध्ये, सुतारी टेबलावर, एक सिंहासन. सोनेरी रंग उडालेला, मखमल उंदरांनी नेलेली, पण दोन्ही हातांवरचे सिंह अजून आ वासून तयार, कोणीतरी ‘महाराजांचा विजय असो’ म्हणायचाच अवकाश.

सिंहासनापुढे दोन माणसं. एक वाल्मीक डेर्ले, सुतार, कानावर पेन्सिल. दुसरे ढुंढिराज गायधनी, रामकुंडावरचे गुरुजी. धोतर, उपरणं, कपाळाला गंध आणि हातात करवत.

करवत गुरुजींनी नुसतीच धरली होती. ती चालवण्याची हिंमत दोघांपैकी एकाचीही होत नव्हती.

हे सिंहासन वाल्मीकच्या वडिलांनी, सायखेड्याच्या रावजींनी, एका नाटक मंडळीसाठी केलं होतं. रावजी सुतार म्हणून उत्तम, आणि नाटकवेडे म्हणून त्याहून उत्तम. घरातल्या पाटाला सागवान आणि सिंहासनाला शिवणीचं हलकं लाकूड, असा त्यांचा हिशेब. कारण रंगमंचावरचं सिंहासन हलकं असावं लागतं. दिवे गेले की अंधारात दोघांनी ते उचलून पळायचं, आणि दिवे येतात तोवर तिथे अरण्य उभं करायचं. राजाला ते जड वाटलं पाहिजे, उचलणाऱ्याला नाही. पुढे मंडळी मोडली, कपडेपट विकला गेला, सिंहासन मात्र फिरत फिरत पुन्हा रावजींच्या मुलाकडे आलं, आणि शेडमध्ये त्यावर वर्षानुवर्षं सॅन्डपेपरचे गठ्ठे राज्य करत बसले.

आता रामकुंडावरच्या गुरुजींना सिंहासन कशाला कापायचं होतं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

गायधनींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचं पौरोहित्य. ढुंढिराजही पोरवयातच पळी-पंचपात्रीला लागले. पण कॉलेजात असताना एकदा गोदातरंग ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ऐकायला गेले, जागा मिळाली नाही म्हणून स्टेजच्या बाजूला बांबूला छाती टेकून उभे राहिले, आणि बांबू छातीशी गुरगुरायला लागला. गुरगुर कुठून येते म्हणून पाहिलं तर मागच्या अंधारात एक गोवेकर गृहस्थ चार जाड तारांची गिटार शांतपणे वाजवत होते. तिला बेस म्हणतात हे त्यांना नंतर कळलं. ते गृहस्थ देवळाली कॅम्पात राहत. ढुंढिराज सायकल मारत त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले, आणि गृहस्थ गोव्याला परतताना आपला बेस या भटाच्या पोराच्या गळ्यात घालून गेले.

तेव्हापासून दोन संसार सुरू झाले. सकाळी रामकुंड, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. वडिलांनी एकच अट घातली होती की शेंडी राहिली पाहिजे. ती राहिली, कार्यक्रमाच्या चमचमत्या कोटाच्या कॉलरमध्ये आत खोचलेली राहिली. कधीकधी एका संसारातलं दुसऱ्यात सांडे. एकदा दोन कार्यक्रमांच्या जागरणानंतर गुरुजींनी संकल्प सांगायच्या ऐवजी ‘वन, टू, थ्री, फोर’ म्हटलं, आणि यजमानांनी भक्तिभावाने पळीभर पाणी सोडलं.

बेस वाजवणारा लोकांना दिसत नाही, ऐकूही येत नाही असं लोकांना वाटतं. गुरुजींना त्याची खंत नव्हती. ते म्हणायचे की भटजीचंही तसंच असतं, मंत्र चालू असेपर्यंत मांडवात सगळे गप्पा मारतात, तो थांबला की मग सगळे वळून बघतात.

पण तो बेस होता धिप्पाड. शिसवी उंबरठा गळ्यात बांधावा तसा. त्यात त्याची लांब मान, आणि मानेच्या टोकाला चार मोठ्या लोखंडी खुंट्यांचं डोकं. हात सोडला की डोकं धाडकन जमिनीकडे. म्हणून गुरुजींचा डावा हात जन्मभर दोन कामं करत राहिला. वाजवायचंही, आणि तान्ह्या बाळासारखी मानही धरायची. सत्तरीला पोचता पोचता खांद्याने राजीनामा दिला. अंगरख्यात हात घालताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ते लाकूड तरी ठेवा नाहीतर खांदा तरी ठेवा.

ही बातमी ऑर्केस्ट्रात पोचायला वेळ लागला नाही. ऑर्केस्ट्राचा कारभार आता दीपक बघतो, जुन्या मालकांचा मुलगा, गुरुजींच्या मांडीवर वाढलेला. तो पेढे घेऊन घरी आला आणि पायांवर डोकं ठेवून म्हणाला की यंदा कोजागरीच्या कार्यक्रमात काकांचा सत्कार ठरलाय, शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं. बेसची काळजी नको. तो कीबोर्डवाला तनय डाव्या हाताने कीबोर्डवरच वाजवेल.

दीपकच्या मनात पाप नव्हतं. पण गुरुजींनी स्टेजवर आयुष्य काढलेलं, त्यांना सत्कार म्हणजे काय ते ठाऊक होतं. व्हायोलिनवाल्या काकांचा सत्कार झाला, ते पुन्हा दिसले ते श्रोत्यांत. नकलाकाराचा झाला, तो पुढच्या वर्षी पास मागायला आला. शाल एकदा खांद्यावर पडली की पडदा पडला समजायचं. आणि गुरुजींना हवी होती ती पहिल्या रांगेतली खुर्ची नव्हे. त्यांना हवी होती ती ड्रमच्या डाव्या बाजूची, अंधारातली, उभं राहायची दोन फुटांची जागा.

त्यांनी दीपकला एवढंच विचारलं, “शाल कुठल्या रंगाची आहे?”

आत पोळ्या लाटणाऱ्या अनसूयाबाईंचं लाटणं थांबलं. लग्न झाल्यापासून या माणसाने कशाचाही रंग विचारला नव्हता, अगदी लग्नातल्या शालूचाही नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

त्यांनीच मग पुण्याला नोकरी करणाऱ्या नातीला, स्वानंदीला, फोन लावला. स्वानंदीने शोधाशोध करून आजोबांना एक फोटो पाठवला. त्यात एक बेस होता, पण अर्धाच. मान होती आणि मानेच्या पुढे काहीच नव्हतं.

“याचं डोकं कुठंय?” आजोबांनी विचारलं.

“त्याला डोकं नसतंच, आजोबा.”

मग तिने समजावलं. तारा मानेच्या टोकाला एका छोट्या लोखंडी पट्टीत आवळतात, आणि सुरात लावायच्या चकत्या खाली, पोटापाशी असतात. डोकंच नाही म्हणजे डोक्याचं ओझं नाही. गळ्यात अडकवलं की आडवं, तराजूसारखं राहतं. हात सोडला तरी मान पडत नाही.

यजमान पत्रिकेकडे बघतात तसे गुरुजी त्या फोटोकडे बघत बसले. आणि दुसऱ्या दिवशी रामकुंडावरची कामं आटोपून, अंगावरच्या धोतरासकट, वाल्मीकच्या शेडमध्ये हजर झाले. वाल्मीक त्यांचा ऑर्केस्ट्राच्या सुरुवातीच्या दिवसांपासूनचा मित्र. ऑर्केस्ट्राची स्टेजं तो बांधायचा.

ठरलं असं की जुन्या बेसची मान वापरायची, त्याचे आवाज पकडणारे दोन चुंबक वापरायचे, बटणंही वापरायची. खालच्या चकत्या, वरची पट्टी आणि तारा नव्या मागवायच्या. राहिलं धड. ते हलकं हवं, कोरडं हवं, आणि सुराला बरं हवं. वाल्मीकने प्लायवूड दाखवलं, गुरुजींनी नाक मुरडलं. सागवान दाखवलं, गुरुजींनी खांदा चोळला. मग वाल्मीकने सॅन्डपेपरचे गठ्ठे बाजूला सारले, सिंहासन उचलून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या रुंद पाठीवर बोटांनी टकटक केली. लाकूड ढोलकीसारखं बोललं.

तर हा तो पहिला प्रवेश. करवत हातात, आणि सिंहासन समोर.

गुरुजी म्हणाले, नको रे, तुझ्या बापाच्या हातचं आहे.

वाल्मीकने सिंहाच्या तोंडातली धूळ फुंकली. “गुरुजी, ह्याच्यावर लय राजे बसले. एक बी टिकला नाय, तिसऱ्या अंकात समदे गेले. आणि माझ्या बापानं हे उचलायसाठी केलं होतं, ठेवायसाठी नाय.”

एवढं बोलून त्याने करवत गुरुजींच्या हातातून काढून घेतली.

पाठ कापून झाली तेव्हा काही वाटलं नाही. जुन्या बेसचं डोकं कापायची वेळ आली तेव्हा मात्र गुरुजी अडून बसले. आज अमावास्या जवळ आहे, उद्या राहुकाळ आहे, परवा नक्षत्र बरं नाही. वाल्मीकने विचारलं, दाढ काढायला बी मुहूर्त बघता का? शेवटी गुरुजींनी भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि स्तोत्र सुरू केलं. पहिला श्लोक संपायच्या आत मागे ठक्‌ असा आवाज झाला. गोवेकर गुरूने दिलेलं ते चार खुंट्यांचं डोकं उपरण्यात गुंडाळून त्यांनी घरी आणलं आणि कपाटावर ठेवलं. दोन दिवसांनी पाहतात तर ते स्वयंपाकघराच्या दारामागे स्क्रूने पक्कं झालेलं, आणि चार खुंट्यांना भाजीच्या चार पिशव्या. अनसूयाबाईंचं म्हणणं होतं, की इतकी वर्षं ते डोकं यांच्या गळ्यात लटकलं, आता त्याला काहीतरी लटकू दे.

मग रंधा चालू झाला. वाल्मीक थोडं तासायचा, गुरुजी गळ्यात अडकवून बघायचे, पुन्हा तासायचा. कंबरेला टोचतं म्हणून इकडे खोलगट, पोटाला अडतं म्हणून तिकडे. सिंहासनाच्या पाठीवर कोरलेली वेल मात्र एका कडेला तशीच राहू दिली. वाल्मीकला फार वाटत होतं की एक सिंह पण कुठेतरी चिकटवावा. गुरुजी म्हणाले, आत्ताच एक डोकं घालवलंय, दुसरं कशाला?

शेवटचा हात फिरला त्या दिवशी गुरुजींनी पट्टा खांद्यावर घेतला, गिटार पोटाशी आणली आणि भीत भीत डावा हात सोडला. मग उजवा. गिटार आडवीच राहिली. गुरुजी दोन्ही हात वर करून त्या उन्हाच्या झोतात उभे राहिले, आणि वाल्मीकच्या हातून आपोआप टाळी वाजली.

तालमीला ती गिटार पाहून दीपकची पंचाईत झाली. पत्रिका छापल्या होत्या, पाहुणे ठरले होते, शालसुद्धा आणून झाली होती, मोरपिशी. काकांच्या खांद्याचीही त्याला खरीच धास्ती होती. शेवटी त्याने तोडगा काढला. काकांनी सुरुवातीचं एक गाणं वाजवावं, हौस होईल, मग खाली येऊन पहिल्या रांगेत सत्काराच्या खुर्चीवर बसावं. पुढचं तनय बघेल. गुरुजींनी एका शब्दाने वाद घातला नाही. हे अनसूयाबाईंना मुळीच आवडलं नाही. न भांडणारा नवरा त्यांना परका वाटायचा.

कोजागरीच्या आधी आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर येतात. विळी, अडकित्ता, अनसूयाबाईंची शिवणकामाची कात्री, गुरुजींची पळी, आणि अर्थातच बेस. दर वर्षी गुरुजी गंधाचं बोट बेसच्या डोक्यावर, चार खुंट्यांच्या मधोमध टेकवत. यंदा बोट तिथवर गेलं आणि हवेतच थांबलं.

डोकं नाही. म्हणजे टिळा कुठे? आणि नुसता टिळ्याचा प्रश्न असता तर निभावलं असतं. रामकुंडावर आजवर किती यजमानांना त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, हात तुटो की शिर तुटो, तिला गंगेत विसर्जन. आता स्वतःच्या पाटावर हे धड, मुंडकं उडवलेलं, आणि तेही समक्ष, भिंतीकडे तोंड करून उडवलेलं. पूजा करावी तर आपलाच शब्द मोडतो. न करावी तर कोजागरी गेली, कारण खंडेनवमीची पूजा न झालेलं वाद्य गुरुजींनी कधी स्टेजवर नेलं नव्हतं. बोटावरचं गंध वाळायला लागलं.

आतून दोनदा हाक आली की पुरण थंड होतंय. तिसऱ्यांदा अनसूयाबाई स्वतःच बाहेर आल्या. गुरुजींनी अडचण सांगितली. त्यांनी पदराला हात पुसले.

“आपली माहूरची रेणुका. तिला धड आहे?”

“नाही. नुसतं मुख आहे.”

“मग तिला खंडित म्हणता का?”

गुरुजींनी कानाला हात लावला.

“नुसतं वरचं चालतं, तर नुसतं खालचं का चालू नये? आणि टिळ्याचं म्हणाल, तर जिथे कान पिळता तिथेच डोकं समजा. लावा, आणि जेवायला या.”

शास्त्रात हे कुठे आहे ते गुरुजींना आठवेना, पण शास्त्राच्या विरुद्ध कुठे आहे तेही आठवेना. त्यांनी खालच्या चकत्यांना गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, आणि सुटकेच्या आनंदात चिमूटभर अक्षता वाहायच्या तिथे मूठभर वाहिल्या.

कोजागरीची संध्याकाळ. मैदानाच्या कोपऱ्यात दुधाचं पातेलं उकळतंय, केशराचा वास सुटलाय, स्टेजच्या बांबूंमागून चंद्र बेताने एन्ट्री घेतोय. पहिल्या रांगेत झालर लावलेली सत्काराची खुर्ची रिकामी, तिच्या शेजारी अनसूयाबाई. वर, ड्रमच्या डाव्या बाजूला, चमचमता कोट आणि कॉलरमध्ये खोचलेली शेंडी.

गुरुजी तारा लावायला लागले. पहिली लागली, दुसरी लागली. तिसरी उतरलेली. सवयीने डावा हात वर गेला, जिथे जन्मभर डोकं होतं तिथे, आणि चिमटीत हवा धरून पिळू लागला.

“काका, तिथे काही नाही,” तनय हळूच म्हणाला.

गुरुजींनी हात खाली आणला. तिसरी चकती पिळली. ती हलेना. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं, तर चकतीच्या खाचेत, बरोबर आट्यांमध्ये, एक अक्षता अडकून बसलेली. ओल्या कुंकवात भिजून वाळलेली, लालबुंद, दगडासारखी. तशीच ठेवली तर गाणं बेसूर, आणि त्यांच्या वाट्याला होतं एकच गाणं. नखाने काढायला गेले, नख मोडलं. निवेदकाने पुन्हा एकदा चंद्राची स्तुती सुरू केली. त्याची पानं संपत आली होती. विंगेत दीपक येऊन उभा राहिला, घडी घातलेली मोरपिशी शाल हातावर. तनयने अगदी मायेने विचारलं की काका, मी वाजवू का डाव्या हाताने?

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, दीपककडे पाहिलं, आणि गळ्यात गिटार तशीच ठेवून थेट स्टेजच्या पुढच्या कडेला येऊन मांडी घालून बसले.

“अगं, पिन.”

अनसूयाबाई उठल्या. त्यांच्या बांगडीत कायम सेफ्टी पिना असतात, साडीच्या, पोलक्याच्या, वेळप्रसंगाच्या. जुना बेस असता तर त्याच्या डोक्यापर्यंत पोचायला स्टूल लागलं असतं. हे डोकं बरोबर त्यांच्या हाताशी आलं होतं. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, तांदूळ निवडावे तशा शांतपणे खाचेत पिन घातली आणि अक्षता उडवली. लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“मूठभर कशाला वाहायच्या?” एवढंच बोलून त्या जागेवर जाऊन बसल्या, आणि पर्स शेजारच्या झालरीच्या खुर्चीवर ठेवली.

तिसरी तार लागली. गुरुजी आपल्या दोन फुटांत जाऊन उभे राहिले. गाणं सुरू झालं, आणि सिंहासनाची पाठ बोलायला लागली. मऊ, खोल, पोटातून. पातेल्यावरून आधीच दुधाचा पेला मागून आणलेल्या वाल्मीकने तो स्टेजच्या फळीवर टेकवला होता. पेल्यातल्या दुधावर बारीक वर्तुळं उठायला लागली. तो ती बघत राहिला, दूध प्यायचं विसरून.

पहिलं गाणं संपलं. दीपक शाल सावरून पुढे झाला. पण तनयने डावा हात खिशात घातला आणि उजव्याने लगेच दुसऱ्या गाण्याची सुरावट सोडली. बेस त्यात असा मिसळला की मध्ये शिरायला जागा राहिली नाही. दुसऱ्यातून तिसरं निघालं. दीपक विंगेत उभाच. शाल आधी त्याच्या हातावर होती. मग हात अवघडला म्हणून त्याने ती खांद्यावर टाकली. मग चंद्र वर चढला, आश्विनातला गारवा पडला, आणि त्याने ती नकळत अंगाभोवती लपेटून घेतली. वर अंधारात गुरुजींचे दोन्ही खांदे सारख्या उंचीवर होते. पुष्कळ वर्षांनी.

दुधाच्या मध्यंतराला निवेदकाने सत्काराची घोषणा केली. पाहुणे उभे राहिले, श्रीफळ पुढे आलं. दीपक गडबडीने स्टेजवर आला, अंगावरची शाल सोडवायला लागला. गुरुजी पट्टा न काढता दोन पावलं पुढे आले. त्यांनी नारळ घेतला, तो अनसूयाबाईंच्या हातात दिला, आणि दीपकने उघडलेली शाल पुन्हा त्याच्याच भोवती नीट लपेटली, लहानपणी लपेटायचे तशी.

“तूच पांघर, गारठा पडलाय. माझ्या खांद्यावर जागा नाही.”